रबराच्या पिळावरचे स्वप्न : अल्फोन्स पेनो

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

विमानाचा शोध कोणी लावला, असा प्रश्न शाळेत आला की आम्ही सारे एका सुरात राइट बंधूंचे नाव घेत असू. १७ डिसेंबर १९०३ ही तारीखही पाठ होती. उत्तर बरोबर होते आणि त्याला एक गुण मिळत असे. त्या एका गुणामागे किती माणसे उभी आहेत हे कोणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही कधी विचारले नाही.

पहिल्या वर्षाच्या पावसाळ्यात आपल्या ग्रंथालयात विमानविद्येच्या इतिहासावरील एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचू लागलो. दिवसाला दोन पाने, कधी एकच. अशा गतीने चाललो असताना एका फ्रेंच तरुणापाशी मी जो थांबलो, तो पुढे जाईना. त्याचे नाव अल्फोन्स पेनो. विमानविद्येच्या जाणकारांत हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कानावर येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मी का थांबलो ते सांगण्यासाठी थोडे स्वतःविषयी लिहावे लागेल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. एस. टी. स्टँडसमोर आबांचे सायकलचे दुकान आहे. पंक्चर काढणे, हवा भरणे, ब्रेक आवळणे ही त्यांची कामे. आता सायकली कमी आणि मोटारसायकलीच जास्त येतात. मला मात्र लहानपणापासून सैन्यात जायचे होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे आम्ही सातआठ पोरे पहाटे चारला उठून डांबरी सडकेने पळत होतो. भरतीच्या वेळी धावण्यात मी पहिल्या गटात आलो. छाती भरली, उंची भरली. मग वैद्यकीय तपासणीत पाय जुळवून उभे राहायला सांगितले, तर माझे गुडघे एकमेकांना भिडले आणि घोट्यांमध्ये अंतर राहिले. दोन वर्षांची मेहनत एवढ्याशा गोष्टीवर संपली. कला शाखेत प्रवेश घेतला तो शेवटची तारीख होती म्हणून. त्या पावसाळ्यात मी घरात कोणाशी धड बोलत नव्हतो. ग्रंथालयात जात होतो, कारण तिथे कोणी काही विचारत नाही.

आता पेनोकडे वळू.

३१ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये त्याचा जन्म झाला. वडील फ्रेंच आरमारात ॲडमिरल होते. अशा घरात मुलाच्या भविष्याची चर्चा करावी लागत नसावी. वडिलांचा मार्ग तोच मुलाचा मार्ग. पण खुब्याच्या दुखण्याने अल्फोन्सला गाठले. चालणेच अवघड, तेथे हेलकावणाऱ्या डेकवर उभे राहण्याची गोष्टच नको. आरमाराचे दार त्याच्यासाठी बंद झाले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो होतो.

समुद्र गेला, तेव्हा या मुलाने आकाशाकडे पाहिले. त्यावेळी आकाशात काय होते? बलून होते. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. वेढ्यातून पत्रे आणि माणसे बाहेर काढण्यासाठी शहरातून साठांहून अधिक बलून सोडण्यात आले. साऱ्या जगाने त्याचे कौतुक केले. पण बलूनची एक मोठी लाचारी होती. वारा नेईल तिकडे तो जाई. वेढ्यातून बाहेर पडता येत होते, परंतु बाहेरून परत पॅरिसमध्ये बलून आणणे कोणालाच साधले नाही. हवेत नुसते तरंगणे निराळे आणि आपल्या इच्छेने उडणे निराळे, हा धडा त्या वेढ्याने सर्वांना शिकवला.

पेनोचा मार्ग पहिल्यापासून दुसरा होता. हवेहून जड असलेली वस्तू स्वतःच्या शक्तीने उडाली पाहिजे, हे त्याचे ध्येय. मोठे यंत्र बांधायला पैसा नव्हता आणि त्यात बसवण्याजोगे हलके इंजिन तर जगात कोठेच नव्हते. तेव्हा त्याने ठरवले की यंत्र लहान करायचे, अगदी तळहातावर मावेल इतके. लहान यंत्रात मोठ्या यंत्राचे नियम तपासून पाहता येतात. चुकले तर काडी मोडेल, माणूस मरणार नाही.

पण लहान यंत्रालाही शक्ती हवीच. आधीच्या लोकांनी धनुष्याची दोरी, घड्याळाची स्प्रिंग असे उपाय केले होते. स्प्रिंग जड पडे. रबर ताणून बसवावे तर त्या ओढीला तोंड देणारा सांगाडा मजबूत, म्हणजे पुन्हा जडच करावा लागे. पेनोने १८७० मध्ये रबराला पीळ दिला. पिळलेले रबर उलगडताना पंखा फिरवते आणि त्यासाठी एक बारीक काडी पुरते. या युक्तीवर त्याने उलटसुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांचे छोटे हेलिकॉप्टर केले. सोडले की ते वर चढे आणि पीळ संपला की खाली येई. आज हे कोणालाही सुचेल असे वाटते. सोप्या गोष्टी कोणीतरी आधी करून दाखवलेल्या असतात, म्हणूनच त्या सोप्या वाटतात.

पुढच्याच वर्षी त्याने आपले प्रसिद्ध विमान केले. त्याला त्याने प्लानोफोर असे नाव दिले. लांबी ५० सेंटीमीटर, पंखांचा विस्तार ४५ सेंटीमीटर, आणि सगळ्याचे वजन मिळून १६ ग्रॅम. चहाचे तीन-चार चमचे साखर घेतली तर एवढे वजन भरेल. त्यातले ५ ग्रॅम रबराचेच होते. पंखा मागच्या टोकाला होता.

१८ ऑगस्ट १८७१. स्थळ, पॅरिसची त्विलरी बाग. वेढा उठून काही महिनेच झाले होते. मे महिन्यातल्या यादवीत बागेशेजारचा त्विलरी राजवाडा जळून गेला होता आणि त्याच्या काळवंडलेल्या भिंती तशाच उभ्या होत्या. अशा त्या बागेत हवाई प्रवासाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींच्या समोर एकवीस वर्षांच्या या तरुणाने रबराला पीळ दिला आणि विमान हवेत सोडले. ते अकरा सेकंद उडाले. ना दोरी, ना कोणाचा हात. आपला तोल आपण सांभाळत, सरळ आणि संथ.

अकरा सेकंदांत एवढे काय मोठे, असे वाचकांना वाटेल. मोठेपण वेळात नव्हते, तोलात होते. त्याआधीच्या बहुतेक उडत्या खेळण्यांची गत म्हणजे नाक वर करून उलटणे किंवा नाक खुपसून आपटणे. पेनोने दोन गोष्टी केल्या. पंखांची टोके त्याने थोडी वर उचलली. विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते, मग खालच्या पंखाला हवेचा जास्त आधार मिळतो आणि विमान पुन्हा सरळ होते. दुसरी गोष्ट शेपटीची. मुख्य पंखांच्या मानाने त्याने शेपटीची पट्टी किंचित खालच्या कोनात बसवली आणि विमानाचा भार थोडा पुढे ठेवला. नाक खाली गेले की वेग वाढतो, वेग वाढला की हवा शेपटीला अधिक जोराने खाली दाबते आणि नाक वर येते. नाक फार वर गेले की वेग कमी होतो, दाब कमी होतो आणि नाक आपोआप खाली येते. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केली यांनी १८०४ मध्येच पंख आणि शेपटी असलेले छोटे ग्लायडर करून ही दिशा दाखवली होती. परंतु स्वतःच्या शक्तीने उडत असताना स्वतःचा तोल राखणारे विमान जगाने पाहिले ते पेनोच्या हातून.

येथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्विलरी बागेतल्या त्या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्ट १८७१ रोजी, अमेरिकेतील डेटन गावी एका पाद्र्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव ऑर्व्हिल राइट.

पेनो थांबला नाही. १८७२ मध्ये त्याने रबरावर पंख फडफडवणारा पक्षी केला. मासिकांतून लेख लिहिले, हवेचा विरोध, पंखांचे आकार यांचा अभ्यास केला. १८७६ मध्ये पॉल गोशो नावाच्या यंत्रज्ञाबरोबर त्याने पूर्ण आकाराच्या विमानाचे पेटंट घेतले. त्या आराखड्यातील गोष्टी वाचून आजही आश्चर्य वाटते. दोन बाजूंना उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे. उडाल्यावर आत ओढून घेता येणारी चाके. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरण्याची सोय. चालकासाठी काचेचे आच्छादन. आणि वर-खाली, डावी-उजवीकडे वळवण्यासाठी एकच दांडा. चाळीस-पन्नास वर्षांनी विमानांत जे एकेक करून आले, ते या माणसाने कागदावर आधीच काढून ठेवले होते. वय सव्वीस.

नव्हते ते फक्त इंजिन. वाफेची इंजिने इतकी जड होती की ती उचलण्यातच पंखांची शक्ती संपली असती. त्याच १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटोने आपले चार टप्प्यांचे इंजिन तयार केले खरे, पण ते कारखान्याच्या फरशीवर बसणारे धूड होते. ते हलके होऊन विमानात बसण्यास अजून पंचवीस वर्षे जायची होती. पेनो आपल्या काळाच्या पुढे होता असे म्हणण्याची रीत आहे. ती म्हणायला सोपी आहे. ज्याला त्या काळातच राहून रोज सकाळी उठायचे असते, त्याची अडचण त्याने सुटत नाही.

विमान बांधायला पैसा हवा होता, आणि पैसा देणारा कोणी मिळेना. टीका करणारे मिळाले. प्रकृती ढासळत गेली, मन खचत गेले. अखेर तो आंरी झिफार यांच्याकडे गेला. १८५२ मध्ये वाफेच्या इंजिनावर बलून चालवून दाखवणारे हे मोठे संशोधक, आणि श्रीमंतही. त्यांच्याकडून मदत होईल अशी त्याला आशा होती. ती फळाला आली नाही. तेव्हा पेनोने आपले सारे आराखडे एका लहानशा शवपेटीत ठेवले आणि ती पेटी झिफार यांच्या घरी पोचती केली. ऑक्टोबर १८८० मध्ये त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. तो तीस वर्षांचा होता.

हे पान मी ज्या दिवशी वाचले, त्या दिवशी ग्रंथालय बंद व्हायची घंटा मला ऐकू आली नाही. शिपाईकाकांनी येऊन उठवले. संध्याकाळी दुकानात गेलो. आबा एका ट्यूबला पॅच लावत होते. कित्येक दिवसांनी मी आपणहून बोललो आणि त्यांना या माणसाची सगळी हकीकत सांगितली. आबा चौथी शिकलेले. त्यांनी पॅच दाबून धरला आणि ऐकत राहिले. सांगून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले की त्या पोराजवळ बसायला कोणी नव्हते काय. मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितले की दुकान रात्री दहापर्यंत उघडे असते आणि ते इथेच असतात. मला त्यांचे म्हणणे कळले. त्या रात्री आम्ही दोघे एकत्र जेवलो.

पुढची गोष्ट मला त्यानंतर आठवडाभराने वाचायला मिळाली. १८७८ साली, म्हणजे पेनोच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी, अमेरिकेतील सीडर रॅपिड्स गावी मिल्टन राइट नावाचे पाद्री प्रवासाहून घरी परतले. त्यांनी मुलांसाठी एक खेळणे आणले होते. बांबू, बूच आणि कागद यांचे बनवलेले, रबराच्या पिळावर उडणारे. ते पेनोच्या हेलिकॉप्टरवरून केलेले होते. ते छतापर्यंत उडाले. अकरा वर्षांचा विल्बर आणि सात वर्षांचा ऑर्व्हिल त्याच्यामागे वेडे झाले. खेळणे मोडले तेव्हा त्यांनी स्वतः तसेच दुसरे केले, मग आणखी मोठे केले. मोठे मात्र उडेना. आकार दुप्पट केला तर शक्ती दुप्पट पुरत नाही, ती आठपट लागते, हे त्यांना पुढे मोठेपणी उमगले. उडण्याची ओढ आपल्याला त्या खेळण्यापासून लागली, असे त्या भावांनी स्वतः नमूद केले आहे. १९०३ मध्ये त्यांचे पहिले उड्डाण किती वेळ झाले? बारा सेकंद. पेनोच्या विमानाहून एक सेकंद जास्त.

पॅरिसमध्ये पेनो दारोदार हिंडत होता, तेव्हा त्याचे काम समुद्र ओलांडून योग्य त्या घरी जाऊन पोहोचले होते. हे त्याला कोणी सांगितले नाही, कारण हे कोणालाच ठाऊक नव्हते. खेळणे घेऊन धावणाऱ्या त्या दोन पोरांनाही नाही. आपण केलेल्या कामाचा हिशेब आपण फार लवकर मांडतो आणि तोटा दिसला की वही फाडून टाकतो, असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

मग मीही एक प्लानोफोर करायला घेतला. शीतकपाटाच्या खोक्यातले थर्मोकोल मिळाले होते. पंख जोडायला दुकानातले पंक्चरचे सोल्युशन लावले, तर त्याने थर्मोकोलच खाऊन टाकले. पंखाला बोट जाईल एवढे भोक पडले. आबा पोट धरून हसले. दुसऱ्या वेळी फेव्हिकॉल वापरले आणि वाळायला रात्रभर ठेवले. ट्यूबच्या पट्ट्या कापून रबर केले, ते फार जाड आणि जड निघाले. भाजीच्या जुड्यांचे बारीक रबरबँड एकात एक ओवून पाहिले, ते चालले. रबर तुटू नये म्हणून त्याला एरंडेल चोळले. पंखा प्लॅस्टिकच्या बाटलीचा केला आणि तो घासू नये म्हणून तारेत आईच्या तुटलेल्या माळेतला मणी घातला. पहिले उड्डाण नाक वर करून आपटले. नाकावर मातीची गोळी चिकटवली आणि शेपटीची मागची कड थोडी वर उचलली. काढणी झालेल्या सोयाबीनच्या रानात ते सहा सेकंद उडाले. सहा सेकंद आबा तोंड उघडे ठेवून पाहत होते.

विज्ञान शाखेतील माझ्या एका मित्राकडे आता फोमचे रेडिओवर चालणारे छोटे विमान आहे. खऱ्या विमानाची ती लहानशी प्रतिकृती. १९३७ मध्ये अमेरिकेत विल्यम आणि वॉल्टर गुड या जुळ्या भावांनी रेडिओच्या आज्ञेने चालणारे मॉडेल विमान उडवले. त्यावेळी त्यातील यंत्रणा चांगलीच अवजड होती. आज ती काड्यापेटीहून लहान झाली आहे. मित्राच्या विमानात शेपटीला दोनच हलत्या पट्ट्या आहेत, एक वर-खाली जाण्यासाठी, एक वळण्यासाठी. त्याने मला एकदा ते चालवायला दिले. घाबरून मी दांडा सोडून दिला, तर विमान थोडे डुलले आणि आपणहून सरळ झाले. मित्र म्हणू लागला की हे फोमचे आणि मोटारीचे कौतुक आहे. मी त्याला पंखांची वर उचललेली टोके दाखवली, शेपटीचा कोन दाखवला आणि पेनोची गोष्ट सांगितली. पॅरिसच्या त्या बागेतले तंत्र आमच्या गावच्या माळावर जसेच्या तसे काम करीत होते.

पेनोला विजयी वीर म्हणता येणार नाही. त्याचे मोठे विमान कधी बांधले गेले नाही. त्याचा शेवट मला आजही बोचतो, आणि त्या शेवटाला मोठेपणा देऊ नये असेच मला वाटते. त्याच्याजवळ कोणी बसायला हवे होते. आपल्या वर्गातही पाय जुळवून उभे राहताच बाद झालेली मुले असतील, निराळ्या परीक्षांत, निराळ्या कारणांनी. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याने त्यांना अधूनमधून काहीतरी विचारावे, एवढे तरी आपण करू शकतो.

माझे विमान सध्या आबांच्या दुकानात, टांगलेल्या ट्यूबांच्या शेजारी लटकत असते. हवा भरायला येणारी शाळेची मुले त्याच्याविषयी विचारतात. आबा त्यांना शेपटीचा कोन समजावून सांगतात, आणि पॅरिसचे नावही घेतात. माझ्या वहीत आतापर्यंतची सर्वांत लांब नोंद सात सेकंदांची आहे. अकरा गाठायला अजून चार कमी आहेत. रबर बदलून पाहायचे आहे.